फोडी वाळवायच्या राहून गेल्या

मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी बचत, कर्ज, हप्ते यावर बोलते. आज मात्र मोबाईलवरच्या व्हिडिओंबद्दल बोलणार आहे. आणि सुरुवात करणार आहे माझ्या स्वतःच्या चुकीपासून.

आपल्याकडे २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि घरोघरी यूट्यूब आलं. आधी पोरं बघायची, मग आपण बघायला लागलो. त्याच सुमाराला आमच्या गटाला एक रेसिपीचं चॅनेल सापडलं. नाव सांगत नाही, कारण मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. बाई आपल्यासारखीच. साधी साडी, साधा ओटा, मागून कुकरची शिट्टी ऐकू यायची. ती सावकाश सांगायची. "आता हे पीठ असं तुटलं पाहिजे, बघा," म्हणून हात कॅमेऱ्याजवळ आणायची. चुकलं तर तेही दाखवायची. कुरडईचा चीक किती शिजवायचा, सांडगे का फुटतात, पापडाचं पीठ किती कुटायचं, हे आम्ही तिच्याकडे बघून पक्कं केलं. आमच्या बैठकीत तिचा उल्लेख "आपल्या बाई" असाच व्हायचा.

मग हळूहळू काहीतरी बदललं. आधी स्वयंपाकघर बदललं, ते ठीक आहे, चार पैसे मिळाले तर कोण बदलणार नाही? पण बोलणंही बदललं. पदार्थ सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं गप्पा. मध्येच एखाद्या मसाल्याच्या पुडीचं कौतुक. चित्रावर मोठ्या अक्षरात, "हे बघाल तर थक्क व्हाल." आणि मग आले ते छोटे व्हिडिओ. चाळीस सेकंदांत पुरणपोळी, पन्नास सेकंदांत लोणचं. बैठकीत बायका म्हणायच्या, "बाईंचं पहिल्यासारखं राहिलं नाही." म्हणायच्या आणि तरी बघायच्या. मीही बघायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात गटाला लोणच्याच्या चाळीस बरण्यांची मागणी आली. अर्ध्या किलोची एक बरणी. दरवर्षी आम्ही घरच्या रितीने करतो, त्याला तीन दिवस लागतात. मी हौसेने बैठकीत बाईंचा नवा छोटा व्हिडिओ दाखवला. कमी तेलाचं, कमी मिठाचं लोणचं, लगेच तयार. म्हटलं, शहरातल्या लोकांना असंच हवं असतं, तेलही वाचेल.

आमच्या गटात एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांनी विचारलं, "अगं, फोडी वाळवायच्या न्हाईत का?" मी म्हटलं, "मावशी, व्हिडिओत नाही दाखवलं. त्या बाई इतकी वर्षं करतायत, त्यांना कळत नसेल का?" मावशी गप्प बसल्या. मी समन्वयक, बी. ए. झालेली, हातात मोबाईल. त्या काय बोलणार?

वीस किलो कैरी आणली, सातशे रुपयांची. तेल चारशे ऐंशीचं. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, मीठ मिळून साडेअकराशे. बरण्या सोडून दोन हजार तीनशे तीस रुपये, आणि आठ जणींची दिवसभराची मेहनत. अकरा बरण्या पहिल्याच आठवड्यात पोचवल्या. बाराव्या दिवशी एका गिऱ्हाईक ताईंचा फोन आला, "वर पांढरं काहीतरी आलंय." आम्ही उरलेल्या बरण्या उघडल्या. एक, दोन, पाच, सगळीकडे बुरशी.

तेव्हा एक जण हळूच म्हणाली, "वरचं वरचं काढून टाकू, वरून तेल ओतू, कुणाला कळतंय?" खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं मलाही तसंच वाटलं. पैसे गटाच्या खात्यातले होते. पण बुरशी वर दिसते तेवढीच नसते, ती आतही उतरलेली असते. ते लोणचं एखाद्या लेकराच्या ताटात गेलं असतं. आम्ही सगळं खड्ड्यात पुरलं. अकरा घरांत जाऊन बरण्या परत आणल्या आणि दीडशेप्रमाणे एक हजार सहाशे पन्नास रुपये परत दिले. त्या अकरा दारांत उभं राहताना काय वाटलं ते माझं मलाच माहीत.

त्या रात्री मी बाईंचं चॅनेल उघडलं आणि खाली खाली गेले. २०१८ सालचा त्यांचाच लोणच्याचा व्हिडिओ सापडला. एकोणीस मिनिटांचा. त्यात सगळं होतं. कैरी धुऊन कोरडी पुसायची. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं. सुटलेलं पाणी निथळून फोडी कापडावर पसरून वाळवायच्या. बरणी उन्हात तापवायची. किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडींच्या वर बोटभर राहील इतकं ओतायचं. आणि कारणही सांगितलेलं: ओल राहिली, मीठ कमी पडलं, फोड तेलाच्या वर उघडी राहिली, की बुरशी धरते. म्हणजे बाईंना सगळं येत होतं. छोट्या व्हिडिओत ते मावलं नव्हतं, एवढंच.

मी त्या छोट्या व्हिडिओखाली लिहिलं, "ताई, फोडी वाळवायचं सांगितलं नाहीत, आमचं नुकसान झालं." चार दिवसांनी उत्तर आलं, "ताई, वाईट वाटलं. छोट्या व्हिडिओत सगळं दाखवता येत नाही, खाली पूर्ण व्हिडिओची लिंक दिली होती." बघितलं तर खरंच होती. आम्ही कुणीच ती दाबली नव्हती.

मग मी माझ्या भाच्याला बसवून घेतलं आणि हा कारभार चालतो कसा ते समजून घेतलं. तुम्हालाही सांगते.

यूट्यूब आपल्याला फुकट दिसतं, पण जाहिरातींवर चालतं. चॅनेलचे एक हजार सदस्य झाले आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास व्हिडिओ बघितले, की जाहिरातीच्या उत्पन्नात चॅनेलला वाटा मिळू शकतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले शंभरातले पंचावन्न रुपये चॅनेलला, बाकीचे कंपनीला. आता, व्हिडिओच्या अधेमध्ये जाहिरात घालायची तर व्हिडिओ निदान आठ मिनिटांचा लागतो. २०२० च्या आधी ही अट दहा मिनिटांची होती. मग चार मिनिटांची भाजी आठ मिनिटांवर ताणली जाते. त्या गप्पा कुठून आल्या, कळलं ना?

दुसरीकडे छोटे व्हिडिओ. जून २०२० मध्ये आपल्या देशात टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स पहिल्यांदा भारतातच आणले. आधी एका मिनिटापर्यंत, आता तीन मिनिटांपर्यंत. बोटाने सरकवत जायचं, एका मागे एक. त्यात थांबून समजावणाऱ्याला कोण थांबतं? म्हणजे बाईंच्या पुढे दोनच वाटा. एकतर ताणायचं, नाहीतर कापायचं. पदार्थाला जेवढा वेळ लागतो तेवढाच घेऊन सांगायचं, ही मधली वाट बुजत चालली.

यात मी बाईंना सगळा दोष देत नाही. तिचंही घर त्यावर चालत असेल. आणि आपण काय करतो? पुढच्या बैठकीत मी विचारलं, "या आठवड्यात एक तरी मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत कुणी बघितला?" अकरा जणींपैकी दोन हात वर. "छोटे व्हिडिओ किती जणींनी बघितले?" अकराच्या अकरा. आपण बोट कुठे थांबवतो ते यूट्यूब मोजतं आणि तसंच आणखी पुढे आणून वाढतं. "पहिल्यासारखं राहिलं नाही" म्हणायचं आणि नवं तेवढंच बघायचं, तर पहिल्यासारखं कोण करील?

मैत्रिणींनो, व्हिडिओ बघूच नका असं मी म्हणत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजी तुम्हाला माहीत असतील. नातवाच्या मदतीने त्यांनी 'आपली आजी' चॅनेल केलं आणि गावरान स्वयंपाक लाखो लोकांपर्यंत पोचवला. खेड्यातल्या बाईच्या हाताला असा मान मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे की ओळखीचा चेहरा दिसला म्हणून आपण तपासणं सोडून द्यायचं का? आम्ही चेहऱ्यावर विश्वास ठेवला आणि कृती बघायची विसरलो.

आता आमच्या गटाने ठराव वहीत काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. तुम्हाला पटल्या तर घ्या.

पहिली. छोटा व्हिडिओ बघून काही विकायला करायचं नाही. त्याच पदार्थाचा मोठा व्हिडिओ शोधायचा आणि एकीने वहीत माप आणि पायऱ्या लिहायच्या. चॅनेलच्या पानावर 'सर्वात जुने' असा पर्याय असतो, तो दाबला की सुरुवातीचे व्हिडिओ वर येतात. चांगला सापडला तर जपून ठेवायचा.

दुसरी. नवी पद्धत आधी अर्धा किलोवर करून बघायची आणि थांबायचं. लोणचं असेल तर निदान महिनाभर. मगच गटाचा पैसा घालायचा.

तिसरी. व्हिडिओच्या सुरुवातीला कोपऱ्यात पैसे घेऊन जाहिरात केल्याची पाटी येते का, ते बघायचं. जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या सूचनाही आहेत की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कौतुक करत असाल तर तसं स्पष्ट सांगा. सगळे सांगतातच असं नाही. म्हणून पापडाचं यंत्र, घरबसल्या पॅकिंगचं काम, असं कुणी दाखवलं तर आगाऊ पैसे भरायचे नाहीत. ते यंत्र चालवणाऱ्या बाईला आधी भेटायचं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा.

चौथी. किती जणांना आवडलं, त्या आकड्यावर जायचं नाही. नापसंतीचा आकडा २०२१ च्या नोव्हेंबरपासून आपल्याला दिसतच नाही. खालच्या प्रतिक्रियांत "करून बघितलं" असं कुणी लिहिलंय का, ते वाचायचं.

पाचवी. पिकावरचं औषध, जनावराचं औषध, लेकराचं औषध व्हिडिओवरून करायचं नाही. शेतीसाठी किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जनावराला पशुवैद्यक, लेकराला दवाखाना.

आणि सहावी, जी मी स्वतः सांगून लिहून घेतली. बैठकीत कुणीही "हे असं का?" म्हणून विचारलं, तर उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग विचारणारी शिकलेली असो नाहीतर अंगठा लावणारी. त्या दिवशी मावशींच्या प्रश्नाला मी नीट उत्तर शोधलं असतं तर गटाचे पैसे वाचले असते.

या वर्षी लोणचं मावशींनी घातलं. आधी पाच किलो, मग पंधरा. फोडी दोन दिवस सावलीत कापडावर होत्या. आज चार महिने झाले, बरणी उघडली की वास घरभर जातो. मागच्या वर्षीच्या अकरा घरांपैकी सात घरांनी पुन्हा घेतलं. बाकीची चार घरंही येतील, वेळ लागेल.

मावशी करत होत्या तेव्हा आमच्यातल्या एका मुलीने मोबाईलवर व्हिडिओ काढला. सव्वीस मिनिटांचा. गाणं नाही, मोठी अक्षरं नाहीत. मध्ये एकदा शेळी येते आणि मावशी तिला हाकलतात. गटाच्या ग्रुपवर टाकला आहे. आतापर्यंत चौदा जणींनी बघितला. पण चौदाही जणींना मी विचारलं, फोडी किती वाळवायच्या? सगळ्यांना सांगता आलं.

तुमच्याही गटात अशा मावशी असतील. त्यांना या हंगामात विचारा, आणि पूर्ण ऐकून घ्या.