चौकातील चित्रशाळा



मुंबईच्या काळा घोडा चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलविण्यात आला. घोडा गेला, नाव मात्र राहिले. पुढे १९९९ पासून त्याच परिसरात कलामहोत्सव भरू लागला. भर रस्त्यावर मांडलेली शिल्पे पाहावयास तिकीट लागत नाही, आणि पाहणाऱ्याची जातही कोणी पुसत नाही. २०१७ साली तेथे नवा घोडा उभा राहिला, तो स्वाराविना!

आपल्या सभागृहाच्या बाहेरील भिंतीवर मुलांनी मिळून चित्रे काढावीत, हा ठराव स्तुत्य आहे. माझी उपसूचना एकच : कुंचला शेजारच्या आळीतील मुलांच्याही हाती द्यावा. भिंत आपली असली तरी रस्ता सर्वांचा आहे.