कानाची शिल्लक

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. त्याच वस्तीत आम्ही वाढलो. ढोलताशाशी आमचे वैर कसे असेल? पाडव्याच्या शोभायात्रेत पथक वाजू लागले की आमचेही पाय थिरकतात. पण घरी परतल्यावर कानात जो ‘सूंऽ’ असा नाद राहतो, त्याविषयी आज बोलायचे आहे.

हवेची थरथर कानाच्या पडद्यावर आदळते. तीन चिमुकली हाडे ती आत, शंखासारख्या वळलेल्या नळीत पोचवतात. तेथील द्रवात लाट उठते. बारीक सुरांची तोंडाशी शिगेला पोचते, खर्जाची पार आतल्या टोकाशी. हे उकलणाऱ्या बेकेशींना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लाटेने केशपेशींचे केस वाकतात आणि मज्जातंतूतून मेंदूला वर्दी जाते.

एका कानात अशा पेशी सुमारे पंधरा हजार. डोक्यावरचे केस गेले तर टोप तरी मिळतो! ही पेशी मेली की माणसात पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा असा दंडक आहे. पण दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून १०० डेसिबलला मुदत उरते पंधरा मिनिटांची. आधी जातात ते बारीक सूर. मग ‘स’, ‘श’ निसटतात आणि माणूस म्हणतो, “ऐकू येते हो, पण कळत नाही.”

आमच्या शेजारचा ताशेवाला मुलगा हल्ली कानात रबरी बोळे घालून वाजवतो. पोरे हसतात. आम्ही त्याला आणखी एक जोडी आणून दिली आहे.