बढतीचें भांडण आणि आपलीं घरें

(गांवच्या शाळेच्या पटांगणांत शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें एका मराठी शाळेच्या मास्तरांनीं केलेलें भाषण.)



मी वकील नव्हे, पुढारीही नव्हे. मराठी शाळेंत मुलांना पाढे घोकविणारा मास्तर आहें. ट्रेनिंग कॉलेजचीं दोन वर्षें, एवढीच माझी विद्या. तरी आज आपल्यापुढें उभा राहिलों, कारण ज्या गोष्टीवर चावडीवर आणि पिठाच्या गिरणीपाशीं रोज तोंडें वाजतात, ती गोष्ट आहे तरी काय, हें कोणी नीट समजावून सांगत नाहीं. ती गोष्ट म्हणजे सरकारी नोकरींतली बढती.

आपल्या गांवांतलीं दोन घरें तुम्हां सर्वांस ठाऊक आहेत. नांवें घेत नाहीं. एक घर शेतकऱ्याचें, दुसरें चांभाराचें. एकाच्या आज्यानें मोट शिवली आणि त्याच मोटेनें दुसऱ्याच्या आज्यानें मळा भिजविला. दोन्ही घरचीं मुलें एकाच सालीं एका कचेरींत कारकून झालीं. एक खुल्या जागेवर, एक राखीव जागेवर. यादींत शेतकऱ्याच्या मुलाचें नांव वर होतें. एकाच एस. टी. नें जाणें, एकाच डब्यांतली भाकरी खाणें, असें पुष्कळ वर्षें चाललें. पुढें राखीव जागेवर चांभाराच्या मुलास आधीं बढती मिळाली. तीन वर्षांनीं शेतकऱ्याच्या मुलासही तीच बढती मिळाली. मग कचेरीनें नवी ज्येष्ठतेची यादी काढली आणि तींत चांभाराच्या मुलाचें नांव वर आलें. त्या दिवसापासून डबा वेगळा झाला. दोन्ही घरांच्या बायका पाणवठ्यावर एकमेकींकडे पाहीनाशा झाल्या.

आतां तुम्हीच सांगा, यांत चोर कोण? मीं पुष्कळ विचार केला, पण मला दोघांतला एकही चोर दिसत नाहीं.

ही गोष्ट आपल्या शेताच्या भाषेंत सांगतों. पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला वर्षानुवर्षें पाणी आलेंच नाहीं, पीक वाळून चाललें, म्हणून पंचांनीं त्यास पाळी सोडून आधीं पाणी दिलें. हें न्यायाचें झालें. आतां पुढच्या फेरीला त्याची पाळी कोठून मोजावयाची? त्याला पाणी मिळालें त्या दिवसापासून, कीं जुन्या पाळीप्रमाणें? आधीं पाणी देणें योग्य कीं अयोग्य, हा एक प्रश्न. पुढची पाळी कशी मोजावी, हा दुसरा. बढतींतली राखीव जागा हा पहिला प्रश्न आणि ज्येष्ठता हा दुसरा. आपण दोन्ही एकत्र कालवितों आणि मग एकमेकांच्या जातीवर घसरतों.

आधीं पहिल्या प्रश्नाकडे वळूं. राखीव जागा हें कोणाचें दान नव्हे. करवीरच्या शाहू छत्रपतींनीं २६ जुलै १९०२ रोजीं हुकूम काढला कीं, त्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील शिकलेल्या लोकांस द्याव्या. त्या हुकुमांत मागासलेले म्हणजे महार-मांगच नव्हेत. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि दुसरे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे, म्हणजे मराठा, कुणबी, माळी, लोहार, चांभार असे आपण सगळे त्यांत होतों. आज जो शेतकऱ्याचा मुलगा राखीव जागेला नांवें ठेवतो, त्याच्या पणज्याला कचेरीचा उंबरठा याच वाटेनें दिसला, हें विसरूं नये.

त्या हुकुमांत आणखी एक वाक्य आहे आणि माझें आजचें सारें भाषण त्या एका वाक्यावर उभें आहे. प्रत्येक खात्याच्या मुख्यानें, या हुकुमानंतर कोणकोणत्या नेमणुका केल्या त्याचा तक्ता दर तीन महिन्यांनीं पाठवावा, असें महाराजांनीं फर्माविलें. नुसतें 'द्या' म्हटलें नाहीं, 'दिलें कीं नाहीं तें मोजून दाखवा' असें म्हटलें. ही गोष्ट लक्षांत ठेवा. पुढें ती कामास येईल.

१९५० सालीं घटना आली. तिच्या १६ व्या कलमांत सर्वांस नोकरींत समान संधि सांगितली आणि त्याच कलमांत, ज्या मागासवर्गाचें सरकारी नोकरींत पुरेसें प्रतिनिधित्व नाहीं त्यासाठीं जागा राखण्याची मुभा ठेविली. ३३५ व्या कलमांत असेंही सांगितलें कीं, अनुसूचित जाती-जमातींचे हक्क पाहतांना कारभाराची कार्यक्षमताही सांभाळावी.

आतां ही मुभा फक्त नोकरींत शिरतांना, कीं पुढच्या बढतीलाही? येथें कोर्टाच्या पायऱ्या झिजूं लागल्या. १९६१ सालीं दक्षिण रेल्वेच्या रंगाचारी प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें बढतींतही जागा राखतां येतात असा निकाल दिला. १९९२ सालीं मंडल प्रकरणांत नऊ न्यायाधीशांच्या पीठानें नेमणुकींतल्या राखीव जागा मान्य केल्या, पण बढतींतल्या नाहींत. चालू होत्या त्यांना पांच वर्षांची मुदत दिली. मग संसदेनें १९९५ सालीं ७७ वी दुरुस्ती करून अनुसूचित जाती-जमातींसाठीं बढतींतल्या राखीव जागा घटनेंतच घातल्या. झाला पहिल्या प्रश्नाचा निवाडा.

पण त्याच १९९५ सालीं दुसरा प्रश्न उभा राहिला. रेल्वेच्या गार्डांचें वीरपाल सिंग प्रकरण सुप्रीम कोर्टापुढें आलें. कोर्ट म्हणालें, राखीव जागेवर आधीं वर गेलेला खुशाल जावो, पण मागाहून त्याचा जुना ज्येष्ठ त्याच पदावर चढला तर त्यानें आपली जुनी जागा गांठून घ्यावी. १९९९ सालीं पंजाबच्या अजित सिंग प्रकरणांत पांच न्यायाधीशांनीं हेंच पक्कें केलें. हा नियम राहता तर आपल्या गांवच्या शेतकऱ्याचा मुलगा वर राहता. पण २००१ सालीं संसदेनें ८५ वी दुरुस्ती केली. बढतीबरोबर तिची ज्येष्ठताही देण्याची मुभा सरकारास दिली, आणि तीही १७ जून १९९५ पासून. म्हणून चांभाराच्या मुलाचें नांव वर आलें. त्यानें कोणाचा खिसा कापला नाहीं. कायद्यानें वाट दिली, त्या वाटेनें तो गेला.

२००६ सालीं नागराज प्रकरणांत सुप्रीम कोर्टानें या दुरुस्त्या कायम ठेविल्या, पण सरकारला सांगितलें कीं हक्क द्यावयाचा तर आंकडे दाखवा : तो वर्ग मागासलेला आहे, त्याचें प्रतिनिधित्व अपुरें आहे आणि कारभाराची कार्यक्षमता बिघडत नाहीं. २०१८ सालीं जर्नेल सिंग प्रकरणांत अनुसूचित जाती-जमातींच्या मागासलेपणाचे आंकडे मागण्याचें कारण नाहीं असें ठरलें. अपुऱ्या प्रतिनिधित्वाचे मात्र हवेतच. २०२२ च्या जानेवारींत कोर्टानें आणखी स्पष्ट केलें कीं हे आंकडे साऱ्या खात्याचे एकत्र चालणार नाहींत, ज्या पदांवर बढती द्यावयाची त्या संवर्गाचे हवेत.

आपल्या महाराष्ट्रांत काय झालें तें ऐका. राज्याचा आरक्षणाचा कायदा २००१ चा, तो अमलांत आला २००४ च्या जानेवारींत. २५ मे २००४ च्या सरकारी निर्णयानें बढतींत शेंकडा ३३ जागा राखल्या : अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट मिळून ८ आणि विशेष मागास प्रवर्ग २. तो निर्णय ४ ऑगस्ट २०१७ रोजीं मुंबई हायकोर्टानें रद्द ठरविला. प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें. ७ मे २०२१ रोजीं सरकारनें निर्णय काढला कीं अंतिम निकालाच्या अधीन राहून २५ मे २००४ च्या स्थितीप्रमाणें ज्येष्ठता धरून बढत्या द्याव्या. सतरा वर्षांची घडी एका कागदानें मोडली.

येथें लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, शिंपी, माळी, तेली मंडळींनीं कान टवकारावे. या ३३ मध्यें तुमचें नांवच नाहीं. इतर मागासवर्गास नोकरींत शिरतांना शेंकडा १९ जागा आहेत, बढतींत एकही नाहीं. भटक्या-विमुक्तांचें नांव राज्याच्या निर्णयांत होतें, पण घटनेच्या दुरुस्तींत नाहीं. तिच्यांत फक्त अनुसूचित जाती-जमाती आहेत. असें असतां कुंभाराचा पोरगा चांभाराच्या पोरावर दांत खातो आणि धनगराचा पोरगा म्हणतो आपलें सारें भद्र आहे! आपल्या ताटांत काय आहे हें न पाहतां आपण शेजाऱ्याच्या ताटाचे घास मोजीत बसलों आहों.

आतां दोन्ही बाजूंचें दुःख बोलूं, कारण दोन्ही खरीं आहेत.

ज्याच्या हाताखालीं काल शिकला तोच आज साहेब होऊन समोर बसला, त्या माणसाच्या पोटांत कालवतें. त्यानें कोणावर जुलूम केलेला नसतो. त्याचा बाप कोरडवाहू चार एकरांत खपला. त्याला 'तूं उच्च वर्गांतला' म्हणणें म्हणजे जखमेवर मीठ चोळणें होय. त्याची हरकत ऐकून घेतली पाहिजे.

दुसऱ्याचें ऐका. ज्येष्ठता म्हणजे नोकरीला लागल्याची तारीख. आणि तारीख कोणाची आधीं? ज्याच्या घरांत आधीं शाळा शिरली त्याची. राज्यानें २०१६ सालीं नोकरींत शिरण्याची हद्द खुल्या वर्गास ३८ आणि मागासवर्गास ४३ वर्षें केली. पेन्शन मात्र बहुतेक नोकरांस ५८ व्या वर्षींच. जो तेविसाव्या वर्षीं लागला त्याला ३५ वर्षें मिळतात, जो त्रेचाळिसाव्या वर्षीं लागला त्याला १५. नुसत्या तारखेच्या पाळीनें दुसऱ्याची वरच्या खुर्चीची पाळी येण्याच्या आधींच त्याला हार-नारळ मिळतो. शिपाई आणि कारकून मागासवर्गाचे पुष्कळ आणि सही करणारे थोडे, असें कां होतें त्याचें एक कारण हें आहे. आणि सही ज्या खुर्चींत आहे त्या खुर्चीसाठींच सारें आहे.

कोणी म्हणेल, यानें कार्यक्षमता बुडते. मी मास्तर आहें, परीक्षा मीही घेतों. पण मला सांगा, नुसत्या ज्येष्ठतेनें चढणारा तरी कोणती परीक्षा देऊन चढतो? वर्षें भरलीं म्हणून चढतो. वर्षें भरणें ही लायकी आणि राखीव जागा ही नालायकी, असा हिशेब माझ्या पाट्यांवर बसत नाहीं. काम होतें कीं नाहीं तें काम पाहून ठरवावें, आडनांव पाहून नव्हे.

मग दोष कोणाचा? मी म्हणतों, न मोजणाऱ्याचा. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं दर तीन महिन्यांस तक्ता मागितला. त्या काळीं दौत-टांकानें तो भरला जात होता. शंभर वर्षांनीं सुप्रीम कोर्ट आंकडे मागतें तेव्हां दर टेबलावर संगणक असूनही वर्षें लोटतात. तक्ता वेळेवर असता तर कोठें अपुरें आहे तेथें जागा राखल्या गेल्या असत्या, कोठें पुरें झालें तेथें हरकत मिटली असती आणि दोन भाकऱ्या वेगळ्या झाल्या नसत्या. तक्ता नाहीं म्हणून खटला, खटला म्हणून बढत्या बंद, बढत्या बंद म्हणून वरच्या जागा रिकाम्या. आणि जागा रिकामी म्हणजे कोणाचें काम अडतें? सातबाऱ्याची नोंद तुमची, पोराचा दाखला तुमचा.

म्हणून माझें सांगणें थोडें आहे.

ज्याच्या घरांत नोकर आहे त्यानें ज्येष्ठतेची कच्ची यादी निघतांच ती वाचावी. हरकतीला मुदत असते. त्या मुदतींत लेखी हरकत द्यावी आणि पोंच घ्यावी. चहाच्या दुकानांत केलेली हरकत कोणत्याही दफ्तरांत दाखल होत नाहीं.

दुसरें, २००५ च्या माहितीच्या अधिकारानें दहा रुपयांच्या अर्जावर विचारतां येतें कीं अमुक कचेरींत अमुक पदावर एकूण जागा किती, भरलेल्या किती, कोणत्या वर्गाच्या किती. हा अर्ज शेतकऱ्याच्या आणि चांभाराच्या मुलानें मिळून एका कागदावर सह्या जमवून मागावा. आंकडा दोघांसही लागतो.

तिसरें, खुर्चीसाठीं भांडतांना खुर्चीच नाहींशी होत नाहीं ना, इकडे डोळा ठेवा. २०२३ च्या सप्टेंबरांत सरकारनें कंत्राटदारांमार्फत माणसें घेण्याचा निर्णय काढला होता. ओरड झाली, ऑक्टोबरांत तो रद्द करावा लागला. कंत्राटी माणसाला ज्येष्ठता नाहीं, बढती नाहीं, राखीव नाहीं, खुलें नाहीं. तेथें दोघेही सारखेच उघडे पडतात.

शेवटीं त्या दोन घरांचें सांगतों. ज्या वरच्या जागेसाठीं वितुष्ट आलें ती जागा २०१७ च्या निकालानंतर कोणासच मिळाली नाहीं. दोघेही त्याच जुन्या पदावरून, एकाच वर्षीं पेन्शनीत निघाले. परवां एस. टी. च्या थांब्यावर दोघे दिसले, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधली फळी रिकामी. त्या फळीवर आतां त्यांच्या नातवांनीं तरी एकत्र बसावें, डबा एकत्र सोडावा आणि भांडण मांडावयाचें तें ज्याच्या हातीं तक्ता आहे त्याच्या टेबलावर मांडावें, एवढीच माझी विनंती.