कोण ऐकते आहे, हे विचारणारी पेटी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक. शिकवतो मराठी आणि इतिहास. तेव्हा संगणकाच्या तारांविषयी मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आरमोरीस येण्यापूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे माझ्या अज्ञानामुळे मुलांचे नुकसान होता होता राहिले. ती हकीकत आपल्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

त्या शाळेत संगणकाच्या खोलीत ३० यंत्रे होती. माझ्या यंत्रावरील चित्रफीत सर्व पडद्यांवर एकाच वेळी दिसावी, अशी व्यवस्था मी व्हीएलसी या मोफत सॉफ्टवेअरने केली. मुले खूश झाली, मीही झालो. तेवढ्यात कार्यालयातील लिपिक धावत आले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस, आणि त्यांच्या यंत्रावर पान उघडेना! मी पाठ थांबविला, तशी पाने उघडू लागली. रात्रीपर्यंत बसून अर्ज भरून झाले, पण माझ्या मनाला चुटपुट लागली. एका खोलीतील पाठाने दुसऱ्या इमारतीतील काम का अडावे?

मित्रांनो, निरोप पोहोचविण्याचे तीन मार्ग असतात. पहिला पत्राचा : ३० जणांना ३० पत्रे. दुसरा दवंडीचा : कोणाला ऐकायचे असो वा नसो, प्रत्येक दारी आवाज. तिसरा मासिकाचा : ज्याने वर्गणी भरली, त्याच्याच घरी अंक. या तिसऱ्या मार्गाला मल्टिकास्ट म्हणतात. आपला गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग यांनी ही पद्धत घडविली. तिचे नियम ऑगस्ट १९८९ मध्ये ‘आरएफसी १११२’ म्हणून प्रसिद्ध झाले. मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील एका तांत्रिक सभेतील बोलणे याच मार्गाने २० ठिकाणी ऐकविले गेले.

माझी चित्रफीतही मल्टिकास्टनेच जात होती. मग घोटाळा कोठे झाला? तो झाला स्विचमध्ये. स्विच म्हणजे सर्व तारा जेथे एकत्र येतात ती पेटी. साध्या स्विचला वर्गणीदार ओळखता येत नाहीत. तो मासिकाचा अंकही दवंडीसारखा प्रत्येक तारेवर सोडतो. त्यांतील एक तार कार्यालयाच्या वायफायच्या पेटीकडे जात होती. वायफाय असा सामुदायिक निरोप मुद्दाम संथ गतीने पाठवते, कारण दूरच्या यंत्रालाही तो पकडता यावा. ही गती सेकंदाला १ मेगाबिट इतकी कमी असू शकते. माझी चित्रफीत होती ४ मेगाबिटांची. अरुंद पुलावर बैलगाड्यांची रांग लागावी, तसे झाले.

यावरील उपायाचे नाव आयजीएमपी स्नूपिंग. ज्या यंत्राला चित्रफीत हवी असते, ते ‘मला या गटात घ्या’ अशी चिठ्ठी पाठवते. स्नूपिंग चालू केले की स्विच या चिठ्ठ्या वाचून नोंद ठेवतो आणि मागणी असेल त्याच तारेवर चित्रफीत सोडतो. ज्याच्या आत शिरून मांडणी बदलता येते, अशा स्विचमध्ये बहुधा ही सोय असते. आमच्या स्विचमध्ये ती होती, पण बंद होती.

मी ती चालू केली. कार्यालयाचा त्रास थांबला. पण आता दुसरेच संकट उभे राहिले. चित्रफीत सुरू होई आणि थोड्या वेळाने सर्व पडद्यांवर गोठून जाई. मी तारा हलवल्या, यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केली. नववीतील एक मुलगी मात्र प्रत्येक वेळी घड्याळ पाहून वहीत नोंद करीत होती. ती म्हणाली, “सर, दर वेळी चार मिनिटे वीस सेकंदांच्या आसपासच थांबते.”

त्या नोंदीने कोडे सुटले. ४ मिनिटे २० सेकंद म्हणजे २६० सेकंद. नियम असा की, कोणीतरी दर १२५ सेकंदांनी ‘अजून कोण ऐकते आहे?’ असे विचारायचे. दोन फेऱ्यांचे २५० आणि उत्तरासाठी १० सेकंद, एवढ्या वेळात उत्तर आले नाही की नाव खोडले जाते. आमच्याकडे असे विचारणारे कोणी नव्हतेच. मुले ऐकत होती, पण त्यांना कोणी विचारीत नव्हते! विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. बहुधा ते काम राउटर करतो. तो करीत नसेल, तर मधल्या स्विचवर ही सोय वेगळी चालू करावी लागते आणि त्या स्विचला त्याच जाळ्यातला पत्ता द्यावा लागतो. दोन क्वेरिअर असले, तर ज्याचा पत्ता लहान, तो विचारतो आणि दुसरा गप्प राहतो.

आणखी दोन गोष्टी सांगतो. २२४.०.०ने सुरू होणारे पत्ते यंत्रांच्या आपसांतील कामासाठी राखलेले असतात. ते स्विच सर्वत्र सोडतो, म्हणून पाठासाठी २३९ने सुरू होणारा पत्ता घ्यावा. आणि बदल केल्यावर तो स्विचमध्ये जतन करावा. मी ते विसरलो होतो. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि सारी मांडणी पुसली गेली. आपल्या भागात वीज किती वेळा जाते, हे मी सांगायला नको.

पालकहो, महागडे यंत्र घेतले म्हणजे शिक्षण झाले, असे नव्हे. सोय पेटीतच होती. ती चालू कशी करायची हे ठाऊक नव्हते, एवढेच. आणि कोड्याचे उत्तर पदवीधर शिक्षकाला सापडले नाही, ते वही घेऊन बसलेल्या एका मुलीमुळे सापडले. आपल्या मुलींना संगणकाच्या खोलीपासून दूर ठेवू नका.

आम्हा शिक्षकांसाठीही यात धडा आहे. वर्ग शांत आहे म्हणजे वर्ग ऐकतो आहे, असे नव्हे. मधून मधून विचारीत राहिले पाहिजे. विचारणारा गप्प झाला, की ऐकणाऱ्याचे नावही यादीतून निघून जाते.