जखमी जवानाचा दुसरा संग्राम

रणांगणी पाय गमावलेल्या शिपायाचा दुसरा संग्राम गावच्या वेशीत सुरू होतो. पुण्यास १९४४ साली निघालेल्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यास पाय मिळतो. १९१७ साली स्थापन झालेल्या, आज खडकीस असलेल्या क्वीन मेरी संस्थेत धंद्याचे शिक्षण मिळते. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. परंतु पदक सर्वांसच कोठून मिळावे? त्यांना हवे असते काम. वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर १९५६ साली देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांचीही शिकवण हीच, की बेकारास रोजगार द्यावा. असा जवान वलगावी परतला, तर त्याची कीव करीत बसू नये. दुकानाच्या हिशेबास वा शाळेच्या कचेरीत त्यास बसवावे. पाय केंद्र देते. मान मात्र गावानेच द्यावयाचा असतो.