असईचे गोलंदाज

(जालना येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



घट बसले आहेत. थोड्याच दिवसांत खंडेनवमी येईल आणि आपण शस्त्रं पुजू. घरात तलवार असो नसो. कोयता, खुरपं, पाना, मोटारसायकल, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळेल. शस्त्राचा मान ठेवायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. ते शस्त्र धरणाऱ्या माणसाची नोंद ठेवायला मात्र आपण शिकलो नाही. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे, आणि त्यासाठी तुम्हाला आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी न्यायचं आहे.

राजूरच्या गणपतीला हात जोडून पुढे भोकरदन गाठलं, की तिथून पूर्वेला असई फार लांब नाही. केळना आणि जुई या दोन नद्या तिथे एकमेकींना मिळतात. त्यांच्यामध्ये जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे. या दिवसांत तिथे कपाशी, मका, सोयाबीन उभं असतं. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच पट्ट्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजेवर मेजर जनरल आर्थर वेलस्ली चालून आला. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. उतारवयात त्याला कोणी विचारलं, की तुमच्या हातून झालेली सर्वांत उत्तम लढाई कोणती? त्याने एकच शब्द उच्चारला: असई.

वॉटर्लू जिंकलेला माणूस आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव घेतो, आणि आपल्याकडे मॅट्रिक झालेल्या दहांपैकी नऊजणांना ते गाव कुठे आहे हे सांगता येत नाही. मी स्वतः कॉलेज संपेपर्यंत त्या नऊजणांतलाच होतो.

युद्धाचं कारण तुम्हाला माहीत आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पुण्याची गादी इंग्रजांच्या पहाऱ्यात गेली. शिंदे-भोसल्यांना ते सहन होणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने आपलं जालना घेतलं. २१ तारखेला दोघे बदनापूरला भेटले, आणि वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनच्या रोखाने एकदम हल्ला करायचा असं ठरलं. पण २३ तारखेलाच वेलस्लीला कळलं, की मराठ्यांचा तळ अगदी दोन-तीन कोसांवर आहे. त्याने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही.

समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, दहा हजारांहून अधिक माणूस. पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे सर्वांत मोठी ब्रिगेड होती, शिवाय बेगम समरूच्या पलटणी होत्या. शंभराच्या आसपास तोफा केळनेच्या काठावर मांडलेल्या होत्या आणि पलीकडे तीस-चाळीस हजार घोडदळ पसरलेलं होतं. वेलस्लीच्या तोफा सतरा. त्याचं कवायती सैन्य साडेचार हजारांच्या आसपास, आणि सोबतीला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. पेशव्यांच्या त्या स्वारांत बापू गोखले होते. पंधरा वर्षांनी, १८१८ च्या फेब्रुवारीत, आष्टीच्या रणात इंग्रजांशी लढताना ज्यांनी देह ठेवला, तेच बापू गोखले. असईला ते इंग्रजांच्या बाजूला उभे होते. इतिहास असा गुंतलेला असतो. तो सोपा करून सांगितला की खोटा होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता नदीची गोष्ट ऐका. नदी ओलांडल्याशिवाय वेलस्लीला मराठ्यांच्या बगलेवर जाता येत नव्हतं. वाटाड्यांनी सांगितलं, खाली उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर, नदीच्या दोन काठांवर वसलेली. त्याने ताडलं, की इतकी जवळ दोन गावं असतील तर त्यांच्यात येजा असणार, आणि येजा असेल तर उतार असणारच. उतार निघाला. इंग्रजी पुस्तकांत या तर्काचं फार कौतुक आहे. मला मात्र ते वाचताना त्या दोन गावांतली माणसं दिसतात: सोयरिकीला, बाजाराला, गुरं घेऊन रोज त्या पाण्यातून जाणारी. आपल्या आजीपणजीच्या पायांनी पडलेली वाट परक्या सेनापतीने ओळखली आणि आपल्या सरदारांनी ती राखली नाही. हा दोष मी शिंदे-भोसल्यांच्या पदरात घालतो, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

वेलस्ली नदी उतरला तेव्हा पोलमनने आपल्या पलटणींचं तोंड काटकोनात फिरवलं. तोफा, बैल, दारूगोळा यांच्यासकट, शत्रू समोर असताना, ओळ न मोडता. मराठ्यांना हे जमेल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज इतक्या झपाट्याने पडले, की त्यांच्या बहुतेक तोफा मागेच राहिल्या. असई गावाच्या बाजूला चुकून पुढे गेलेली ७४ वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण जवळजवळ संपली. तिचे अधिकारी एकामागून एक पडले. वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला, दुसऱ्याला भाला लागला. त्या दुसऱ्या घोड्याचं नाव डायोमेड. घोड्याचं नाव मी मुद्दाम सांगितलं, ते लक्षात असू द्या.

शेवटी संगिनी लावून इंग्रजांची ओळ तोफांवर आली. पलटणी मागे हटल्या, पण गोलंदाज हटले नाहीत. तोफेला हात लावून ते उभे राहिले आणि संगिनीने मारले गेले. ही साक्ष शत्रूच्याच पत्रांत आणि आठवणींत पानोपानी आहे. काहीजण तोफेखाली, मेलेल्यांत पडून राहिले. इंग्रजांची ओळ पुढे गेल्यावर ते उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला स्वतः ७८ वी हायलँडर्स आणि मद्रासचं घोडदळ घेऊन मागे फिरावं लागलं आणि एकदा घेतलेल्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. इंग्रज लेखक या प्रकाराला लबाडी म्हणतात. आपलं सैन्य मागे गेलेलं, दोन्ही राजे मैदान सोडून निघालेले, आता आपल्याला कोणी सोडवायला येणार नाही हे ठाऊक असताना जो माणूस उठून तोफ फिरवतो, त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्द आहे. मी त्याला इमान म्हणतो.

संध्याकाळी हिशोब झाला. इंग्रजांचे ४२८ ठार, ११३८ जखमी, १८ बेपत्ता. त्यांच्या जखमींसाठी अजिंठ्याला इस्पितळ उघडलं. मराठ्यांच्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. आणि मराठ्यांची माणसं? बाराशे मैदानात पडले, एकूण मेलेले-जखमी सहा हजार, असा अंदाज. त्यांचे आकडे एकापर्यंत मोजलेले, आपले ढोबळ. कर्नल मॅक्सवेल शेवटच्या हल्ल्यात पडला, त्याचं नाव आहे. ७४ व्या पलटणीच्या पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. घोड्याचं नाव आहे. तोफेवर मेलेल्या एकाही गोलंदाजाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात नाही.

असं का झालं? केवळ हरलो म्हणून, असं मला वाटत नाही. पानिपत आपण हरलोच होतो. पण पानिपत आपल्या भाषेत शिरलं. 'पानिपत झालं' म्हटलं की शेंबडं पोरही समजतं, आणि दर १४ जानेवारीला माणसं महाराष्ट्रातून पानिपतच्या काला आंबला जातात. असईने भाषेला एक वाक्प्रचारही दिला नाही. पानिपतावर पुण्याची, साताऱ्याची, वाड्यावाड्यांतली पोरं पडली. घरोघर कोणीतरी परत आलं नाही. शिंद्यांच्या पलटणींत आणि तोफखान्यात मोठी भरती होती ती अवध, दोआब, राजपुतान्याकडची. त्यांच्या बायकामुलांना असई कुठे आहे हे कळलंही नसेल. दुसरी गोष्ट अशी, की ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख सुटला, आणि आपला भाग निजामाच्या पदरात पडला. निजामाची फौज त्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला होती. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्या राज्यात होतो. तिथे शिंद्यांच्या गोलंदाजांची आठवण ठेवायला कोण बसलं होतं?

तिकडे ७४ व्या पलटणीला असईसाठी हत्तीचं चिन्ह असलेलं खास निशाण मिळालं. वेलस्लीच्या बाजूने लढलेल्या आणि मेलेल्यांत मोठा भाग मद्रासच्या देशी शिपायांचा होता. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर असईचा हत्ती आजही आहे. स्वतंत्र भारताचं सैन्य परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांशी केलेल्या लढायांचे मान साजरे करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हत्ती त्यांनी ठेवला, कारण शिपायाचं शौर्य हे शिपायाचं असतं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. त्याच न्यायाने समोरच्या तोफांवरच्या माणसांचाही मान कोणीतरी ठेवायला हवा. तो मद्रासने ठेवायचा नाही. ज्यांच्या मातीत ते गाडले गेले, त्या आपण ठेवायचा.

वॉटर्लूच्या रणभूमीला बेल्जियमने १९१४ साली कायद्याने संरक्षण दिलं. असईसाठी मी इतकं मोठं मागत नाही. शेत शेतकऱ्याचं आहे, तिथे त्याने कपाशीच पिकवावी. पण पिंपळगाव-वरूडचा उतार, गावाची बाजू, तोफांची ओळ, दोन नद्यांचा संगम, एवढ्या चार जागी मराठीत चार फलक लागावेत. नांगराला शिशाची गोळी किंवा लोखंडी गोळा लागला, तर तो भंगारात किंवा हौशी माणसाच्या पिशवीत जाऊ नये. कोणत्या गटात, किती खोल सापडला हे लिहून ठेवावं. सापडल्या जागेची नोंद नसलेला गोळा म्हणजे नुसतं लोखंड. नोंद असेल तर त्या दुपारी तोफ कुठे उभी होती हे तो सांगतो.

आणि हे आपल्याला नवं नाही. मराठवाड्यातल्या जुन्या गावांच्या वेशीवर, मारुतीच्या पारामागे वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत वीर लढताना पडलेला, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नसतं. पण गावच्या गुरांसाठी, गावच्या वेशीसाठी मेलेल्या माणसाला गावाने दगड आणि जागा दिली. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या गावाला जे सुचलं, ते आपल्याला सुचू नये? आज त्या दगडांवर कपडे धुतले जातात, कुठे ते पायरीला लागलेत. तुमच्या गावात असा वीरगळ असेल, तर आधी तो उचलून उभा करा.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचं. माझ्या ओळखीचे एक हवालदार होते, १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. निवृत्त होऊन आले ते एक काळी ट्रंक घेऊन, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. त्यात पत्रं होती, पलटणीचे फोटो, पदकं, डिस्चार्ज बुक. ते गेल्यावर वर्षभराने मी घरी गेलो, तर घर नवं बांधलं होतं आणि ट्रंक भंगारवाल्याला दिली होती. मुलांचा दोष मी मानत नाही. त्या कागदांची किंमत त्यांना कोणी सांगितलीच नव्हती. मीही नाही सांगितली, हवालदार हयात असताना कितीदा चहा प्यायलो, तरी. त्यांच्या पलटणीचा नंबर आज मला कोणाला विचारता येत नाही.

असईचा गोलंदाज विसरला गेला, तेव्हा लिहिणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे कागद आहे, मोबाइल आहे, ग्रामपंचायत आहे, गावोगाव शाळा आहे. फौजी सुट्टीवर येतो तेव्हा आपण त्याला स्टँडवर घ्यायला जातो. तो हुतात्मा झाला तर हजारो लोक अंत्ययात्रेला येतात, चौकाला नाव दिलं जातं. पण जो वीस-बावीस वर्षं सियाचीनला, राजस्थानात, ईशान्येत ड्यूटी करून सुखरूप घरी येतो आणि पुढे बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहतो, त्याची नोंद गावात कुठेही नसते. वीरमाता, वीरपत्नी यांना आपण वर्षातून दोनदा व्यासपीठावर बोलावतो, शाल देतो. त्यांच्याजवळ बसून कोणी ऐकून लिहून घेत नाही.

म्हणून प्रत्येक गावात एक वही असावी. नाव, वडिलांचं नाव, पलटण, भरतीचं साल, निवृत्तीचं साल, कुठे कुठे होते, आणि त्यांनी स्वतः सांगितलेलं जे काही असेल ते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पेन्शनीच्या कामाची कागदपत्रं असतात. गावाची वही वेगळी, ती माणसाची. शाळेतल्या पोरांनी ती लिहावी. ट्रंका उघडा, कागदांचे फोटो काढा, मूळ कागद घरातच ठेवा. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्या दिवशी निधी द्याच, आणि त्या दिवशी वहीतली नावं शाळेत मोठ्याने वाचा.

अशी एक कोरी वही मी आज सोबत आणली आहे. ती दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन आहे. जाताना आपल्या गावातल्या एका तरी फौजीचं नाव आणि त्याची पलटण तिच्यात लिहून जा.