जाहीरनामा पेटीत ठेवूया

चूल आवरली असेल, भांडी राहिली असतील तर राहू द्या, रेडिओ जरा जवळ घ्या. आज आम्ही तुम्हाला घेऊन चाललोय दिल्लीला. २६ जानेवारीची परेड बघायला नाही, तर एका पक्षानं त्या शहराचं भलं करायला काय काय लिहून दिलं होतं आणि पुढं त्याचं काय झालं, ते बघायला.

आधी एक खुलासा. आम्ही बचत गटाच्या बाया. आमच्या गटात कोणाच्या घरावर एका पक्षाचा झेंडा, तर शेजारणीच्या घरावर दुसऱ्या. म्हणून गटाच्या बैठकीत प्रचार करायचा नाही, हा आमचा नियम आहे. आजही प्रचार नाही. आज शिकायचंय ते जाहीरनामा वाचायला.

विषय निघाला तो असा. निवडणुकीच्या दिवसांत एक गुळगुळीत रंगीत कागद घरोघर वाटला गेला. मासिक बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "कागद चांगला जाड हाय, डब्याखाली घालायला बरा." सगळ्या हसल्या. पण दुसरी म्हणाली, "मावशी, आपल्याकडं पाच हजाराचं कर्ज मागितलं तर आपण चार प्रश्न विचारतो. हे पाच वर्षांसाठी अख्खं मत मागतात, यांना एकसुद्धा विचारत नाही." मग हसू थांबलं.

खरंच आहे. आपल्याकडं कोणी शेळीसाठी कर्ज मागितलं, तर आपण काय विचारतो? किती पाहिजेत आणि कधी फेडणार? शेळी बांधायला जागा तुझ्या हातात आहे का, का दिराला विचारावं लागंल? रोजचा चारापाणी कोण बघणार? आणि पैसा खरंच तुझ्याच हातात येणार का? हेच चार प्रश्न जाहीरनाम्याला लावायचे ठरलं. पण गावातल्या कागदाला लावले असते तर तिथंच भांडण जुंपलं असतं. म्हणून आम्ही लांबचा कागद घेतला, दिल्लीचा.

तर गोष्ट २०१५ ची. आपल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे २०११ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते, आठवतंय ना? त्या आंदोलनातली काही माणसं पुढं राजकारणात गेली. अण्णा गेले नाहीत. २०१२ साली आम आदमी पक्ष निघाला, अरविंद केजरीवाल त्याचे पुढारी. २०१५ च्या निवडणुकीआधी या पक्षानं 'दिल्ली डायलॉग' नावाच्या बैठका घेतल्या. तरुणांशी, बायकांशी, झोपडपट्टीतल्या लोकांशी बोलून ३१ जानेवारी २०१५ ला ७० कलमांचा जाहीरनामा काढला. दिल्लीच्या विधानसभेत जागाही ७० च. त्यांतल्या ६७ या पक्षाला मिळाल्या. म्हणजे लोकांनी कागदावर विश्वास ठेवला.

त्या कागदातली एक गोष्ट मात्र आम्हाला आवडली. बऱ्याच ठिकाणी आकडे होते. नुसतं "महिलांचा सन्मान करू" असं नाही. दोन लाख शौचालयं, त्यांतली एक लाख बायकांसाठी. ५०० नव्या शाळा. पाच वर्षांत किमान ५ हजार नव्या बस. दरमहा घराला २० हजार लिटर पाणी फुकट. विजेचं बिल निम्मं. १० ते १५ लाख सीसीटीव्ही कॅमेरे. आकडा लिहिला की तो मोजता येतो. ज्यानं आकडाच लिहिला नाही, त्याला पाच वर्षांनी धरणार कसं?

आता पहिला प्रश्न. किती, आणि कधीपर्यंत?

वीज आणि पाणी लगेच झालं. फेब्रुवारीत सरकार आलं आणि १ मार्च २०१५ पासून महिन्याला ४०० युनिटपर्यंतचं वीजबिल निम्मं झालं, २० हजार लिटर पाणी फुकट झालं. पुढं ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत वीजबिल शून्य झालं. हे वचन पाळलं, असं सरळ म्हणायला पाहिजे.

शौचालयं बांधली गेली, झोपडपट्ट्यांत बऱ्याच बायकांची सोय झाली. पण दोन लाखांच्या आकड्याच्या जवळपासही काम पोचलं नाही. ५०० नव्या शाळा झाल्या नाहीत. पाच वर्षांत ५ हजार नव्या बसही आल्या नाहीत, उलट जुन्या गाड्या मोडीत निघत राहिल्या. अर्धा हप्ता भरला की आपण खात्यात काय लिहितो? जेवढा भरला तेवढा जमा, बाकी तो बाकी. सगळं बुडवलं असंही लिहीत नाही आणि सगळं फेडलं असंही नाही. पक्षाच्या खात्यालाही तसंच लिहायचं.

दुसरा प्रश्न. हे तुमच्या हातात आहे का?

इथं दिल्लीचं घर आपल्या एकत्र कुटुंबासारखं आहे. दिल्ली ही देशाची राजधानी. तिथं विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहेत, पण पोलीस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन ही खाती दिल्ली सरकारकडं नाहीत, ती केंद्राकडं आहेत. वर नायब राज्यपाल, शिवाय महानगरपालिका वेगळी. म्हणजे सून स्वयंपाक करणार, पण कोठीची किल्ली सासूच्या कमरेला.

हे कळलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. वीजबिलाला आणि पाण्याला लागणारा पैसा दिल्ली सरकारच्या तिजोरीतला होता, म्हणून ते काम महिन्याच्या आत झालं. नवी शाळा बांधायला जमीन लागते, ती हातात नव्हती. मग आहे त्याच सरकारी शाळांच्या आवारात हजारो नव्या वर्गखोल्या बांधल्या गेल्या. कॅमेऱ्यांवरून सरकारची आणि नायब राज्यपालांची ओढाताण चालली, ते लागायला २०१९ साल उजाडलं. लोकपालाचा कायदा विधानसभेनं २०१५ च्या डिसेंबरात मंजूर केला, पण पुढं केंद्राच्या मंजुरीवाचून तो अडकला.

आता यात दोष कोणाचा? पक्ष म्हणतो, आम्हाला करू दिलं नाही. विरोधक म्हणतात, माहीत असून वचन दिलं कशाला? आम्ही यावर बराच वेळ बोललो. एकीचं म्हणणं पटलं. ती म्हणाली, "सातबारा नवऱ्याच्या नावावर असंल तर कर्ज मागताना तिनं तसं सांगावं. आपण मार्ग काढू. लपवू नये." वचन देणाऱ्यानं हे माझ्या हातात आहे, आणि हे वरून मिळवावं लागंल, असं वेगळं लिहून द्यावं. आणि वरच्यांनीही लोकांचं काम अडवून धरू नये.

तिसरा प्रश्न. रोजचा चारापाणी कोण बघणार?

बसमध्ये बायकांच्या सुरक्षेला मार्शल ठेवू, असं त्या जाहीरनाम्यात होतं. ठेवले. खांद्यावर हात टाकणारा माणूस बसमध्ये मार्शल दिसला की जरा वचकतो, ते तुम्हाआम्हाला सांगायला नको. पण ही माणसं कायमच्या पदावर नव्हती, नागरी संरक्षण दलाचे स्वयंसेवक म्हणून घेतली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कामावरून कमी केली गेली. हजारो घरांची चूल त्यावर होती, त्यांत बायकाही होत्या. पगार कोणत्या खात्यातून, पद मंजूर आहे का, हे आधी पक्कं नसलं की असं होतं.

हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. आमच्या बाजारतळावर बायकांचं शौचालय बांधलंय. फरशी बसवलीय, पाटी लावलीय, उद्घाटनाचा फोटोही निघालाय. आणि दाराला कुलूप आहे. पाण्याची टाकी नाही, झाडायला माणूस नाही. आठवडी बाजाराला भाजी घेऊन बसणारी बाई सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पाणी पीत नाही. का पीत नाही, ते रेडिओवर फोडून सांगायची गरज नाही. कागदावर शौचालय "पूर्ण" आहे. म्हणून बांधणार किती एवढंच विचारून भागत नाही. किल्ली कोणाकडं आणि झाडू कोणाच्या हातात, हे विचारायला पाहिजे.

चौथा प्रश्न. पैसा, सोय, खरंच कोणाच्या हातात येणार?

फुकट पाणी चांगलं. पण ते कोणाला? ज्याच्या घरात मीटरचा नळ आहे त्याला. ज्या वस्तीत नळच नाही, तिथली बाई टँकरपुढं हंडा घेऊन उभी, तिला त्या २० हजार लिटरचा काय उपयोग? आणि २० हजारांच्या पुढं पाणी गेलं, तर सगळ्याच पाण्याचं बिल. म्हणजे एका मीटरवर मोठं खटलं असलं की पंचाईत.

तसंच बसचं. २९ ऑक्टोबर २०१९ ला, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीत बायकांना बस फुकट झाली. तेव्हा गुलाबी तिकीट द्यायचे, त्याचे दहा रुपये सरकार महामंडळाला भरायचं. ही गोष्ट २०१५ च्या यादीत नव्हतीच, तरी झाली. कामावर जाणाऱ्या किती बायकांचे रोजचे पैसे वाचले! पण यादीतल्या नव्या बस मात्र पुऱ्या आल्या नाहीत. तिकीट फुकट आणि थांब्यावर गाडी नाही, तर बाई उभीच.

हे तर आपलंच दुखणं झालं. आपल्याकडं १७ मार्च २०२३ पासून एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे. आपण सगळ्या त्याचा लाभ घेतो, माहेरी दोन फेऱ्या जास्त होतात. पण आमच्या गावातून तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलींना संध्याकाळी परत यायला वेळेवर गाडी नाही. साडेपाचची गाडी कधी येते, कधी येत नाही. अंधार पडला की घरचे म्हणतात, राहू दे तुझं कॉलेज. दोघींचं नाव असंच निघालं. त्या मुलींना विचारा, अर्धं तिकीट पाहिजे का पुरी गाडी? त्या म्हणतील, पूर्ण तिकीट घ्या, पण गाडी सोडा. आणि खरं सांगायचं तर आपण दोन्ही मागायचं.

पुढं २०२० ला दिल्लीत त्याच पक्षाला ७० पैकी ६२ जागा मिळाल्या. २०२५ ला भाजप ४८ वर गेला, हे २२ वर आले. कारणं पुष्कळ असतील. आम्ही बघितलं ते एवढंच, की २०२५ ला दिल्लीत बायकांना दरमहा पैसे द्यायचं वचन तिन्ही मोठ्या पक्षांनी दिलं. एकानं २१०० म्हटलं, दोघांनी २५००. आपल्याकडंही दीड हजार येतात, आणि ते पैसे बाईच्या खात्यात येतात याचं मोल आम्हाला माहीत आहे. औषधाला कोणापुढं हात पसरावा लागत नाही. तरी चार प्रश्न त्यालाही लावायचेच. आणि पाचवा आपल्या मनाला विचारायचा: महिन्याचे पैसे आले म्हणून बस, शौचालय, दवाखान्यातला डॉक्टर हे मागायचं आपण विसरलो तर नाही ना?

शेवटी त्या ७० कलमांतली एक गोष्ट, जी आपल्याकडं आहे आणि दिल्लीत नाही. त्यांनी 'स्वराज' कायद्याचं वचन दिलं होतं. मोहल्ल्यातल्या लोकांनी सभा घ्यायची आणि आपल्या गल्लीत पैसा कशावर खर्च व्हावा ते ठरवायचं. तो कायदा झाला नाही. मैत्रिणींनो, राजधानीतल्या बाईला जे वचनात मिळालं, ते आपल्याला कायद्यात मिळालंय. आपली ग्रामसभा आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. आणि त्या सभेला आपण किती जणी जातो? सही मागायला शिपाई घरी येतो आणि आपण चुलीपुढून उठून सही देतो.

म्हणून आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हीही बैठकीत बोलून बघा.

पहिली, निवडणुकीत येणारा प्रत्येक पक्षाचा जाहीरनामा डब्याखाली घालायचा नाही. गटाच्या पेटीत, पासबुकाशेजारी ठेवायचा. दरवर्षी एका बैठकीत काढून वाचायचा आणि खात्यासारखी नोंद करायची: जमा किती, बाकी किती.

दुसरी, मत मागायला येणाऱ्याला चहा द्यायचा आणि चार प्रश्न विचारायचे. किती आणि कधी? तुमच्या हातात आहे का? पुढं चालवणार कोण? पोचणार कोणाला? कोणत्याही पक्षाचा असो, प्रश्न तेच.

तिसरी, येत्या महिला सभेला सगळ्यांनी जायचं. आमचे दोन ठराव तयार आहेत: बाजारतळाच्या शौचालयाला पाणी, झाडायला माणूस आणि किल्लीचा जबाबदार, आणि संध्याकाळच्या गाडीसाठी आगाराकडं ग्रामपंचायतीचं पत्र. ठराव प्रोसिडिंगला लिहिल्याशिवाय आणि आपल्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

त्या मावशींनी तो जाड कागद घरून परत आणलाय. त्याला डब्याचा गोल डाग पडलाय, पण अक्षरं नीट वाचता येतात. तो आता पेटीत आहे.

पुढच्या बैठकीला तुमच्या गावातला कागद घेऊन बसा. नमस्कार.